बर्फावर उड्या मारणारी मागची चाकं : जिप्सीने हिवाळी स्पिती

काझा सोडून लांगझाच्या चढाला लागलो तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. एका वळणावर डोंगराची सावली होती. आदल्या दुपारी रस्त्यावरून वाहिलेलं पाणी तिथे रात्रभर गोठून काचेसारखं झालं होतं. पुढची चाकं जोडणारे हब लॉक, गाडी 4 लोमध्ये (चारही चाकांना जोर, सर्वात हळू पल्ला), पहिला गिअर. वळण संपता संपता मी अ‍ॅक्सिलरेटर जरा जास्त दिला आणि मागून धाड-धाड-धाड सुरू झालं. गाडी पुढे जाईना. मागचा भाग आपटत आपटत दरीच्या बाजूला सरकायला लागला.

"ताई, पाय काढ! आधी पाय काढ!" धाकटा भाऊ ओरडला.

पाय काढला आणि आवाज त्याच क्षणी थांबला. गाडी हातभर घसरून उभी राहिली. दरी अजून लांब होती, पण स्टिअरिंगवरचे माझे हात सुटेनात.

फेब्रुवारीत किन्नौरमार्गे हिमाचलमधल्या स्पितीला जाणाऱ्या, त्यातही उंच केलेली जिप्सी किंवा तशीच पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) गाडी असणाऱ्या सगळ्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे. आम्हाला जे उशिरा कळलं ते तुम्हाला निघण्यापूर्वीच कळावं.

गाडी बाबांची. मूळ जिप्सीत पाटे दोन चाकांना जोडणाऱ्या अ‍ॅक्सलच्या खालून जातात. आमच्या गाडीत ते अ‍ॅक्सलच्या वर घेतले आहेत, म्हणजे स्प्रिंग-ओव्हर. गाडी चार-पाच इंच उचलली जाते, मोठे टायर बसतात, दिसायलाही देखणी. सह्याद्रीतल्या चिखलात वर्षानुवर्षं चालवली, कधी तक्रार नव्हती. बर्फाने मात्र तिचं दुखणं उघडं पाडलं.

खरं तर पहिली चूक नाकोलाच झाली होती. रिकाँग पिओहून निघून खाबचा संगम ओलांडला, नाकोला मुक्काम केला. सकाळी उतारावर ताशी 45 च्या पुढे गाडी थरथरायला लागली. भाऊ म्हणाला, मागचं चाक हललंय. उतरून पाहिलं तर चारही रिमच्या आतल्या बाजूला बर्फ गोठून चिकटलेला. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून काढला, थरथर गेली. आम्ही खूश झालो आणि पुढे काहीही हललं की रिमच पाहायची असं ठरवून बसलो. लांगझाच्या वळणावरही माझा पहिला विचार रिमचाच होता.

पण हे दोन आजार वेगळे आहेत. रिममधल्या बर्फाची थरथर वेगाशी बांधलेली असते. ठरावीक वेगाला येते, गिअर न्यूट्रल केला तरी राहते. चाकाची उडी, म्हणजे लांगझाच्या वळणावरची ती धाड-धाड, जोराशी बांधलेली असते. वेग जवळपास शून्य असला तरी येते आणि पाय काढला की जाते. स्पॅनर हातात घ्यायच्या आधी एवढं एक तपासा.

चाक उडतं कसं, ते त्या दिवशी दुपारी डोळ्यांनी पाहिलं. काझात सपाट जागा शोधली, जिथे गाडी घसरली तरी कशावर आदळणार नाही. भाऊ बाजूला लांब उभा राहून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये मागचा अ‍ॅक्सल टिपत होता. मी 2 हाय (फक्त मागच्या चाकांना जोर) लावून बर्फावरून गाडी उठवली. व्हिडिओत डिफरेन्शिअलचं नाक, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडतो तो भाग, हळूच वर उठताना दिसलं. पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा पिळला. मग चाक सुटलं, पाटा झटक्यात सरळ झाला, अ‍ॅक्सल खाली आपटला, टायरला पुन्हा पकड मिळाली आणि पुन्हा पीळ. एका सेकंदात हे कितीतरी वेळा. पाटे अ‍ॅक्सलच्या वर घेतले की अ‍ॅक्सलला पाटा पिळायला जास्त तरफ मिळते, म्हणून अशा गाडीत हे जास्त होतं. त्यात 4 लोमध्ये चाकावरचा जोर 4 हायच्या (चारही चाकं, नेहमीचा पल्ला) दीडपटीहून अधिक असतो. पहिला गिअर आणि 4 लो ही सर्वात सुरक्षित जोडी, असं मला आजवर वाटत होतं. निसरड्या बर्फावर तीच नडली.

सगळा दोष पाट्यांच्या जागेचा असता तर सह्याद्रीतही कधीतरी जाणवला असता. म्हणून पुढचं तपासलं. निघायच्या आधी एका गॅरेजमध्ये पाट्यांचं काम केलं होतं, आणि त्यानंतर पाटे जागेवर आवळून धरणारे यू बोल्ट कोणीच पुन्हा आवळले नव्हते. डाव्या मागच्या यू बोल्टचा नट पान्याने जवळजवळ एक पूर्ण फेरा फिरला. आवळून झाल्यावर नट, बोल्ट आणि खालच्या प्लेटवरून खडूची एक सरळ रेघ मारली, म्हणजे पुन्हा ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसेल. दुसरी परीक्षा शॉकअपची. खडबडीत रस्त्यावर दहा-बारा किलोमीटर गाडी चालवून थांबलो आणि लगेच शॉकअपला हात लावला. काम करणारा शॉकअप तापतो. उजवा कोमट होता, डावा बर्फासारखा गार. तो मेलेला होता. पाटा सुटल्यावर आपटणं थोपवायचं ते त्याने, आणि तोच नव्हता.

काझात जोडीचा शॉकअप मिळाला नाही. तिथल्या एका मेकॅनिकने अ‍ॅक्सल हलवून पाहिला, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) तपासले, ते ठीक होते. मग एवढंच म्हणाला, "दूसरे में उठाओ, बहनजी, और धीरे." दुसऱ्या दिवशी तोच चढ चारही चाकांना साखळ्या लावून, 4 लोमध्ये दुसऱ्या गिअरला, क्लच हलकेच सोडून चढलो. मागे लटकवलेले जेरीकॅन काढून सीटमागे बांधले होते. एकदाही आवाज आला नाही.

साखळ्या बर्फ सुरू होण्यापूर्वी, सपाटीवर चढवा. चढावर गाडी अडकल्यावर उणे तापमानात बोटं चालत नाहीत. फक्त मागच्या चाकांना साखळ्या लावल्या तर उतारावर स्टिअरिंग ऐकत नाही, फक्त पुढच्यांना लावल्या तर मागचं टोक फिरतं. दोन जोड्या घ्याच. आणि उडी सुरू झाली तर जोर वाढवून तिच्यातून निघायचा प्रयत्न करू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, गाडी स्थिर होऊ द्या. हट्ट केला तर आधी क्रॉस तुटतात, मग अ‍ॅक्सल शाफ्ट.

टायरच्या हवेबद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. थंडीने हवा उतरते, साधारण 5 ते 6 अंशांमागे 1 पीएसआय. पण उंचीवर बाहेरचा दाब कमी असल्याने गेज जास्त दाखवतो. काझाच्या उंचीवर ही दोन्ही गणितं जवळपास फिटतात. पुण्यात 28 भरून निघालेली आमची हवा काझात पहाटे 27 होती. म्हणून तिथे हवा बरोबर वाटते आणि काही करावंसं वाटत नाही. बर्फासाठी आम्ही 22 केली, डांबर लागल्यावर पंपाने पुन्हा भरली. परतताना मात्र रामपूरच्या खाली उतरल्यावर गेज लावायला विसरू नका, तिथे ती अपेक्षेपेक्षा कमी भरते.

कोरडं डांबर लागलं की 4 हाय काढा. सुमदोच्या पुढे थोडा बर्फ, थोडा कोरडा रस्ता असं सतत बदलत होतं आणि मी कंटाळा करून 4 हायमध्येच राहिले. पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना पिळतात आणि गाडी वळणावर अडखळते. हेही मागच्या चाकाचंच दुखणं वाटतं, पण लिव्हर 2 हायला घेतला की जातं.

पेट्रोल पिओला भरा, काझातही पंप आहे. रात्री हँडब्रेक ओढू नका, गोठतो. गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. रस्ता ग्रेफची (सीमा रस्ते संघटनेच्या दलाची) माणसं साफ करतात, पण नाल्यांचं पाणी दुपारी पुन्हा रस्त्यावर येतं, म्हणून सावलीतले चढ आटपायचे ते दुपारचं पाणी वाहायच्या आधी.

पुण्यात आल्यावर मागचे दोन्ही शॉकअप आणि चारही यू बोल्ट नवीन घातले. अ‍ॅक्सलच्या हाउसिंगपासून चॅसिसपर्यंत एक टॉर्क रॉड बसवून घेतला, पुढच्या टोकाला शॅकलसह (झुलत्या कडीसह), म्हणजे पाटा वरखाली हलतो पण पिळत नाही. बाबांनी स्वतः खाली वाकून वेल्डिंग तपासलं. खडूची रेघ अजून मारतो, दर पाचशे किलोमीटरला पाहतो.