तुम्ही विचारलंत म्हणून: महाराष्ट्रातली पहिली महिला वकील नक्की कोण?

महिला दिन जवळ आला की हा प्रश्न हमखास येतो. उत्तरं दोन मिळतात: कॉर्नेलिया सोराबजी आणि मिठन टाटा. मग वाद. वाद होतो कारण 'वकील' म्हणजे काय हे आधी कुणी ठरवत नाही. कायद्याची परीक्षा पास होणं वेगळं, कोर्टात उभं राहणं वेगळं, सनद मिळणं वेगळं, आणि ब्रीफ, म्हणजे लढवायला खटला, मिळणं तर फारच वेगळं. प्रत्येक दाराला निराळं कुलूप होतं.

कॉर्नेलिया सोराबजींचा जन्म १८६६ चा, नाशिकचा. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर. १८९२ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली, पण स्त्रियांना पदवी द्यायची नाही असा तिथला नियम. पदवी हातात पडली १९२२ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी. १८९७ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या एलएल.बी. झाल्या, पण सनद नाहीच.

आता गंमत बघा. त्याआधीच, १८९६ मध्ये, पुण्याच्या कोर्टात खुनाच्या आरोपातल्या एका स्त्रीच्या बचावासाठी त्या उभ्या राहिल्या होत्या. सनद नसताना हे कसं? तेव्हाच्या फौजदारी प्रक्रियेत एक फट होती: कोर्टाची परवानगी असेल, तर वकील नसलेल्या व्यक्तीलाही आरोपीची बाजू मांडता येत असे. ती परवानगी त्या खटल्यापुरतीच. दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीत दुसऱ्या कुणासाठी उभं राहायचं तर पुन्हा अर्ज, पुन्हा न्यायाधीशांची मर्जी. यावर धंदा उभा राहत नाही.

खरी अडचण होती 'व्यक्ती' या शब्दाची. वकिलांसाठीचा १८७९ चा कायदा 'व्यक्ती'बद्दल बोलत होता, 'पुरुषा'बद्दल नव्हे. शिवाय कायद्यात पुल्लिंगी शब्द आला तर त्यात स्त्रीही धरावी, असं कायद्यांतले शब्द कसे वाचायचे ते ठरवणारा १८९७ चा कायदा (जनरल क्लॉजेस ॲक्ट) सांगतो. तरीही १९१६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने रेजिना गुहा यांचा अर्ज फेटाळला. पुढे पाटण्यात सुधांशुबाला हाझरा यांच्या वाट्यालाही तेच आलं. अलाहाबादने मात्र १९२१ मध्ये सोराबजींची नोंद करून घेतली. तोच कायदा, तोच शब्द, आणि प्रत्येक उच्च न्यायालयाचा अर्थ निराळा. म्हणून १९२३ चा कायदा करावा लागला: केवळ स्त्री आहे या कारणाने कुणालाही वकिलीसाठी अपात्र ठरवता येणार नाही. 'या कायद्याने स्त्रियांना कायदा शिकायचा हक्क मिळाला' असं बरेचदा छापलं जातं. ते चूक आहे. शिकायला बंदी नव्हती, अडवलं जात होतं सनदेपाशी.

मिठन टाटा लिंकन्स इन या लंडनच्या बॅरिस्टर घडवणाऱ्या संस्थेतून १९२३ मध्ये बॅरिस्टर झाल्या आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. लग्नानंतर त्या मिठन लाम झाल्या, त्यामुळे काही याद्यांत त्या दोन वेगळ्या बायका म्हणून दिसतात! नावं तपासताना एवढं लक्षात ठेवा. १९४७ मध्ये त्या मुंबईच्या पहिल्या महिला शेरीफ झाल्या, १९६२ मध्ये पद्मभूषण.

मुंबई उच्च न्यायालयाच्या ओरिजिनल साइडची, म्हणजे जिथे दावे थेट उच्च न्यायालयातच दाखल होतात त्या विभागाची, तेव्हाची पद्धत माहीत नसेल तर त्यांची अडचण कळत नाही. तिथे पक्षकार थेट कौन्सेलकडे, म्हणजे कोर्टात उभं राहून बाजू मांडणाऱ्या वकिलाकडे, जात नसे. तो आधी सॉलिसिटरकडे जाई, आणि सॉलिसिटर ब्रीफ कुणाला पाठवायचं ते ठरवी. म्हणजे गाऊन, बँड, सनद सगळं असलं तरी कुणी ब्रीफ पाठवलं नाही, तर दिवसभर बार लायब्ररीत बसायचं. भुलाभाई देसाईंच्या चेंबरमध्ये काम केलेल्या मिठनबाईंना पहिलं ब्रीफ आलं ते एका वेगळ्याच कारणाने: पक्षकाराची बाजू भक्कम होती आणि समोरचा एका बाईकडून हरला, ही नाचक्की त्याला हवी होती. ब्रीफ ते ब्रीफ. पण यावरून बाजारभाव कळतो.

पुढची दारं फार सावकाश उघडली. मुंबई उच्च न्यायालय १८६२ चं. तिथली पहिली महिला न्यायमूर्ती, सुजाता मनोहर, १९७८ मध्ये. म्हणजे ११६ वर्षं. १९२३ पासून मोजलं तरी ५५. वकिलांमधून न्यायमूर्ती व्हायला उच्च न्यायालयात किमान दहा वर्षं वकिली लागते हे कागदावरचं. प्रत्यक्षात भरपूर काम आणि नाव लागतं, आणि ते ब्रीफशिवाय होत नाही. वरिष्ठ वकिलाचा दर्जा तर मुंबईत एखाद्या स्त्रीला पहिल्यांदा १९८६ मध्ये मिळाला, इंदिरा जयसिंग यांना. हा दर्जा अर्जदाराच्या चेहऱ्यावर नव्हे तर ठरावीक निकषांवर द्यावा, यासाठी पुढे जयसिंग स्वतःच सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २०१७ मध्ये त्यावर निकाल आला.

मनोहर यांचं १९९४ साल पाहण्यासारखं आहे. त्या वर्षी त्या मुंबईच्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती झाल्या, काही महिन्यांत केरळच्या मुख्य न्यायमूर्ती, आणि नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयात. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा १९९७ चा विशाखा निकाल देणाऱ्या तिघांच्या खंडपीठात त्या होत्या.

त्यांच्यानंतर मुंबईला महिला मुख्य न्यायमूर्ती मिळाल्या त्या थेट २०१६ मध्ये: मंजुळा चेल्लूर, आणि त्या मूळच्या कर्नाटकच्या. कारण साधं गणिताचं आहे. उच्च न्यायालयात निवृत्ती ६२ व्या वर्षी, आणि मुख्यपद मुख्यतः ज्येष्ठतेवर. पंचेचाळिशीत नेमणूक झाली तर पुढे सतरा वर्षं हातात असतात. पंचावन्नाव्या वर्षी झाली तर सात, आणि सातात रांग पुढे सरकत नाही. त्यातून जिल्हा न्यायाधीशाच्या वाटेने आलेल्यांची नेमणूक तर सहसा उशिराच होते.