तुम्ही विचारलंत म्हणून: आईला जहाजावर ठेवून मी कशी उतरले

लक्षद्वीपचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, "आईला एकटीला जहाजावर ठेवून तू उतरलीस कशी?" गेल्या महिन्यात पाचपाखाडीत भाचीच्या डोहाळजेवणाला, हातात ताट असताना, पुन्हा तेच. म्हणून आता एकदाच सगळं सांगते.

तयारीत कसूर केली असं मात्र म्हणू नका. पोलिसांचा दाखला, बेटांवर जायचा परवाना, सगळ्यांच्या कागदपत्रांच्या मागे तीन महिने मीच धावत होते. जहाज कोचीहून सुटतं आणि ते कुणासाठी थांबत नाही, म्हणून ठाण्याहून नेत्रावती एक्सप्रेस पकडून एक दिवस आधीच कोचीच्या एर्नाकुलम स्टेशनला पोचलो. दादा म्हणतो, विमानाने जायचं होतंस. लक्षद्वीपला विमान फक्त अगत्तीला उतरतं. मला कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय, तिन्ही बघायची होती. दिवसा बेटावर, रात्री जहाजावर. रोज बॅगा भरा, खोल्या बदला हा त्रास नाही. हे आईच्याच सोयीचं आहे, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होते.

जहाज बेटापर्यंत जात नाही हे मी वाचलं होतं. बेटाभोवती प्रवाळाचं कडं असतं, आतलं पाणी उथळ. मोठं जहाज बाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि माणसं छोट्या बोटीने नेतात. वाचलं, आणि पुढे गेले. आई मुरूडची. लहानपणी होडीतून किनाऱ्यावर उड्या मारायची, हे तिच्याच तोंडून शंभरदा ऐकलेलं. मी त्या गोष्टींवर विसंबले. तिच्या गुडघ्यांचे एक्स-रे घरातच कपाटात होते.

आणि फेब्रुवारीत समुद्र शांत असतो हेही मला माहीत होतं. पण लेकीची परीक्षा होती, म्हणून एप्रिलअखेर गाठली.

कवरत्तीला पाणी सपाट होतं. आई दोघांचे हात धरून उतरली, चढली, रात्री जेवताना खुशीत होती. कल्पेनीला मात्र सकाळपासून लाटा होत्या. जहाजाच्या कुशीत पाण्यालगत एक दार उघडतात, तिथून बोटीत पाय टाकायचा. लाट आली की बोटीचा काठ दाराच्या उंबऱ्याला येऊन भिडायचा, आणि दुसऱ्या क्षणी पुरुषभर खाली जायचा. बोटीतला खलाशी तळवा धरत नाही, कोपराखाली घट्ट पकडतो आणि लाट वर आली की ओरडतो, "अब!" नवरा आणि मुलगी उतरले. मग आई.

तिने साडीवरून नारिंगी जॅकेट घातलेलं, पदर त्याच्या पट्ट्यात अडकलेला. चपला पिशवीत, पिशवी मनगटाला. एक हात खलाशाकडे, दुसरा कठड्यावर. "अब!" ती हलली नाही. दुसरी लाट, पुन्हा "अब!" मी मागून म्हणाले, "आई, लोक खोळंबलेत."

तिने हात काढून घेतला. "होडी हलतेय त्याचं काही नाही गं, गुडघा ऐकत नाही," म्हणाली आणि बाजूला सरकली. मला वाट दिली.

मी उतरले. मुलगी खाली बोटीत होती, हे मी आजवर सगळ्यांना सांगत आले. खरं आहे ते. पण तिच्या शेजारी तिचा बाप होता, हेही खरं आहे. मला उतरायचं होतं. तीन महिने मी ते हिरवं पाणी डोळ्यांसमोर ठेवून कागद गोळा केले होते.

कल्पेनीच्या किनाऱ्यावर 1847 च्या वादळाने फेकलेल्या प्रवाळाच्या तुकड्यांचा मोठा बांध आहे. त्या खडबडीत तुकड्यांवर मी दुपारी बसले होते. जहाज तिथून दिसतंय का ते बघत.

संध्याकाळी केबिनमध्ये शिरले तर तिने माझ्यासाठी कागदात केळं गुंडाळून ठेवलेलं. डेकवरून उडते मासे दिसले म्हणाली. मग विचारलं, "पाणी खरंच हिरवं होतं?"

दुसऱ्या दिवशी मिनिकॉयला मी उतरलेच नाही. 1885 चं दीपगृह नवऱ्याने आणि मुलीने बघितलं, तिथली महल भाषा त्यांनी ऐकली. मी आईजवळ बसून राहिले, आणि ती दिवसभर माझ्याशी धड बोलली नाही. "माझ्यापायी का थांबलीस? आता मला ओझं वाटतंय." मग काल उतरले ते बरोबर होतं का? मला अजून ठरवता येत नाही. कधी वाटतं उतरले यात चूक नव्हती, ते वाक्य चुकलं. कधी वाटतं वाक्याचा आडोसा घेऊन मी बाकीचं झाकतेय.

तुम्ही आईबाबांना न्यायचं विचारता, म्हणून सांगते: जहाजाने जाणार असाल तर आधी त्यांना आधार न घेता तीन-चार उंच पायऱ्या उतरायला लावून बघा. मी ते केलं नव्हतं.

आई आता नातेवाइकांना लक्षद्वीपबद्दल भरभरून सांगते. कल्पेनीला उतरलात का, असं कुणी विचारलं तर "हो" म्हणते. मी त्या वेळी काही बोलत नाही.