पट्टा आधी, इंजिन नंतर

रणगाड्यासारख्या फिरत्या पट्ट्यांवर बर्फातून चालणारी गाडी घरच्या वर्कशॉपमध्ये बांधायला घेतली, की बघायला येणारा जवळपास प्रत्येक जण आधी इंजिनाची चौकशी करतो. किती अश्वशक्तीचे आहे, कशातून काढले, वेग किती देईल, हे प्रश्न स्वाभाविकच आहेत. या गाडीवर बराच काळ काम केल्यानंतर माझे मत मात्र पक्के झाले आहे, की इंजिनाची निवड हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे आणि तो शेवटी करावा. गाडी बर्फावर चालणार की रुतणार, हे पट्टा ठरवतो. म्हणून आधी पट्टा, मग त्याला फिरवणारे दातेरी चक्र, मग गिअर आणि सर्वांत शेवटी इंजिन, हा क्रम मी कटाक्षाने पाळला.

यामागचा हिशेब अगदी साधा आहे. पंचाहत्तर किलोचा माणूस दोन्ही पायांवर उभा असतो, तेव्हा त्याच्या बुटांखालचे क्षेत्रफळ साधारण ४०० चौरस सेंटिमीटर धरले, तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १९० ग्रॅम भार येतो आणि चालताना एका पायावर तो दुप्पट होतो. भुसभुशीत ताजा बर्फ एवढा भार पेलत नाही; माणूस गुडघ्यापर्यंत आत जातो. माझ्या गाडीचे वजन दोन माणसांसह ४५० किलो धरले आहे. दोन्ही पट्ट्यांचा जमिनीला टेकणारा भाग दीड मीटर लांब असून प्रत्येक पट्ट्यात ३० सेंटिमीटर रुंदीचा बेल्ट आहे, म्हणजे एकूण ९००० चौरस सेंटिमीटर आणि दर चौरस सेंटिमीटरवर अवघे ५० ग्रॅम. माणसाच्या सहापट वजनाची गाडी माणसापेक्षा जवळजवळ चौपट हलकी टेकते, आणि हे श्रेय इंजिनाचे नाही. उलट मोठे इंजिन बसवले की वजन वाढते, चौकट जड करावी लागते आणि हा सगळा फायदा हातचा जातो.

या क्षेत्रातले सर्वांत मोठे नाव असलेल्या जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिये यांची वाटचालही मला याच दिशेची दिसते. कॅनडातील क्वेबेक प्रांतात वॅलकोर्ट येथे १९२२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांनी बर्फावर चालवून दाखवलेले पहिले वाहन पट्ट्यांचे नव्हते. मोटारीचे जुने इंजिन आणि मागे विमानासारखा पंखा लावलेली ती घसरगाडी होती. पुढे १९३४ च्या हिवाळ्यात रस्ते बर्फाने बंद असल्यामुळे त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाला रुग्णालयात नेता आले नाही आणि तो दगावला. त्यानंतर त्यांनी सिद्धीस नेलेली गोष्ट म्हणजे रबराने मढवलेले दातेरी चक्र आणि रबरी पट्टा यांची जोडी. १९३७ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. सात माणसांची बी-सात, बारा माणसांची बी-बारा आणि १९५९ सालची स्की-डू ही छोटी बर्फगाडी, ही पुढची सगळी वाहने पट्ट्याचा प्रश्न सुटल्यानंतरची आहेत. इंजिने त्या काळीही तयार मिळत होती. अडत होते ते पट्ट्यापाशी.

घरी पट्टा करण्यासाठी कन्व्हेयर बेल्टचे रबर उत्तम, मात्र त्याच्या आत कापडाचे थर असावेत आणि ते खरोखरचे रबर असावे, कारण पीव्हीसीचा बेल्ट थंडीत ताठरतो आणि चक्राभोवती वळताना इंजिनाची शक्ती खातो. एका रुंद बेल्टऐवजी मी प्रत्येक बाजूला १५ सेंटिमीटरच्या दोन समांतर पट्ट्या घेतल्या, मध्ये १० सेंटिमीटरची फट ठेवली आणि दर साडेसात सेंटिमीटरवर दोन्हींना जोडणारा आडवा दांडा बोल्टने आवळला. चक्राचे दात या फटीतून दांड्यांना पकडतात आणि आत शिरलेला बर्फही तिथूनच बाहेर पडतो. दांडे लोखंडी अँगलचे केले असते, तर १०८ दांड्यांचेच वजन ५० किलोच्या आसपास गेले असते. त्याऐवजी जाड पॉलिथिनचा पाइप उभा चिरून त्याचे अर्धे भाग वापरले. ते वजनाला कितीतरी हलके असतात आणि त्यांना बर्फ सहसा चिकटत नाही. जिथे दात लागतो, तेवढ्याच जागी पोलादी पत्र्याचा तुकडा बसवला.

या साऱ्या कामात सर्वाधिक काळजी घ्यावी लागते ती भोके पाडताना. एका पट्ट्यात ५४ दांडे आहेत. प्रत्येक भोकाचे माप आधीच्या भोकापासून घेतले आणि दर वेळी एकच मिलिमीटर सरकला, तर शेवटच्या दांड्यापर्यंत फरक ५४ मिलिमीटरचा होतो आणि दात दांड्यांच्या मध्ये न पडता त्यांच्यावर चढू लागतात. म्हणून बेल्ट लांब फळीवर ताणून ठेवावा, एका टोकाला एकच आरंभरेषा आखावी आणि सगळी मापे तिच्यापासूनच घ्यावीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एका पट्ट्याच्या दोन्ही पट्ट्या एकमेकींवर ठेवून, क्लॅम्पने आवळून, एकदमच भोके पाडावीत. डावी पट्टी उजवीपेक्षा किंचित जरी लांब झाली, तरी पट्टा आयुष्यभर एका बाजूला ओढत राहतो आणि कितीही समायोजन केले तरी चाकांवरून उतरतो. ड्रिलने भोक पाडले की आतले धागे ओढले जाऊन बाहेर येतात आणि तिथून पाणी शिरते. पोकळ पंच हातोड्याने ठोकला, तर रबराची गोल चकती स्वच्छ कापली जाऊन बाहेर पडते आणि भोकाच्या कडेला कापडाचे थर वहीच्या पानांसारखे वेगवेगळे दिसतात. चांगल्या भोकाची हीच खूण आहे.

दातेरी चक्र आठ दातांचे आहे, म्हणजे एका फेऱ्यात पट्टा ६० सेंटिमीटर सरकतो. हा आकडा हाती आला, की गिअरचे कोडे आपोआप सुटते. ताशी २० किलोमीटर म्हणजे मिनिटाला सुमारे ३३३ मीटर आणि त्यासाठी चक्राचे मिनिटाला साधारण ५५५ फेरे लागतात. इंजिन ३६०० फेऱ्यांवर चालवायचे असेल, तर वेग साडेसहा पटींनी उतरवावा लागतो. खोल बर्फातून चढ चढताना मात्र तेवढी कपात पुरत नाही. तिथे चोवीस पटींच्या आसपास जावे लागते आणि गाडी ताशी पाच-साडेपाच किलोमीटरने, माणसाच्या चालीने जाते. हे दोन टोकांमधले अंतर बेल्टवर चालणारा स्वयंचलित व्हेरिएटर, म्हणजे स्कूटरमध्ये असतो तसा सरकत्या पुलींचा संच, उत्तम भरून काढतो, कारण खोल बर्फात क्लच दाबून गिअर बदलायला गेले की तेवढ्या क्षणात गाडी थांबते आणि थांबलेली गाडी पुन्हा उचलणे हेच सर्वांत अवघड असते. एवढा विचार झाल्यावर एक सिलिंडरचे, तेरा-चौदा अश्वशक्तीचे साधे फोर-स्ट्रोक इंजिन मला पुरेसे वाटले.

वळण्यासाठी जुन्या मोटारीचा मागचा ॲक्सल डिफरन्शियलसकट वापरला आणि दोन्ही बाजूंना स्वतंत्र ब्रेक व तो लावायला स्वतंत्र हँडल दिले. एका बाजूचा पट्टा ब्रेकने रोखला, की डिफरन्शियल ती सगळी गती दुसऱ्या बाजूला देते आणि गाडी वळते. यासाठी पट्ट्याची टेकणारी लांबी आणि दोन पट्ट्यांच्या मध्यरेषांमधले अंतर यांचे प्रमाण सांभाळावे लागते. मी दीड मीटरला एक मीटर असे दीडपट ठेवले. गाडी याहून फार लांबट झाली, तर ती सरळ छान जाते, पण वळायला तयार होत नाही.

इंजिनाला दुय्यम स्थान देताना एका गोष्टीची आठवण ठेवायला हवी. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेसाठी रॉबर्ट स्कॉट यांनी पट्ट्यांच्या तीन मोटार-घसरगाड्या नेल्या होत्या. त्यांतली एक १९११ च्या जानेवारीत जहाजातून उतरवताना बर्फ फुटून समुद्रात गेली आणि उरलेल्या दोन त्याच वर्षी पुढे इंजिने बिघडून वाटेतच सोडाव्या लागल्या. कडाक्याच्या थंडीतही ती हवेने थंड होणारी इंजिने तापत होती. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे: गाडी चालते माणसाच्या वेगाने, म्हणजे समोरून वारा जवळजवळ नसतो, आणि इंजिन मात्र सतत पूर्ण भाराखाली असते. बर्फ आत येऊ नये म्हणून इंजिन चहूबाजूंनी झाकण्याचा मोह होतो, पण त्याच्या पंख्याला थंड हवा घेण्याची आणि गरम हवा बाहेर टाकण्याची वेगवेगळी वाट ठेवलीच पाहिजे. याउलट एडमंड हिलरी यांची तुकडी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचली, ती पट्टे चढवलेल्या फर्ग्युसनच्या शेती-ट्रॅक्टरांवरून. शेतासाठी बनवलेले, संथ आणि भार ओढण्याची सवय असलेले ते यंत्र या कामाला किती योग्य होते, याचा विचार मला आजही आनंद देतो.

कार्बोरेटरबाबत एवढेच सांगतो, की उणे २० अंशांची हवा अधिक २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सोळा टक्के घन असते, त्यामुळे उन्हाळ्यात लावलेले हवा-पेट्रोलचे मिश्रण हिवाळ्यात पातळ पडते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते, आणि मोठा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे मोठ्या छिद्राचे तोंड, बसवावा लागतो. बंद वर्कशॉपमध्ये इंजिन चालवू नये आणि स्टँडवर पट्टा फिरत असताना त्याच्या मागे कोणालाही उभे राहू देऊ नये. सुटलेला एखादा बोल्ट त्याच दिशेने येतो.

प्रत्यक्ष बर्फावर गेल्यावर ताण हा रोजचा विषय होतो. गाडी उचलून धरली असता पट्ट्याचा खालचा भाग मध्यावर तीन-चार सेंटिमीटर लोंबला, तर ताण योग्य समजावा. जास्त आवळलेला पट्टा बेअरिंग खातो, सैल पट्टा दातांवरून उड्या मारतो आणि तो खटखट आवाज ऐकताच गाडी थांबवावी. ओला बर्फ चाकांच्या आत दाबला जाऊन ताण आपोआप वाढतो, म्हणून पट्ट्याला आतून आधार देणारी मधली चाके भरीव न ठेवता त्यांना मोठी भोके पाडली आहेत. काम संपले की आतला बर्फ झाडून काढून गाडी फळ्यांवर उभी करावी लागते. तशी न केल्यास रात्रीत पट्टा जमिनीला गोठून चिकटतो आणि सकाळी पहिल्याच झटक्यात दांडे तुटतात. सध्या मधली चाके चौकटीला थेट जोडलेली आहेत. ती जोडीजोडीने हलत्या दांड्यांवर बसवली, तर उंचसखल बर्फावर भार अधिक सारखा वाटला जाईल, आणि पुढचा बर्फ पडण्याआधी मला तेच काम पूर्ण करायचे आहे.