तुम्ही विचारलंत म्हणून : मुलं सांभाळायला कोर्स कशाला?

"काय ओ मॅडम, मुलं सांभाळायला दोन वर्षांचा कोर्स कशाला लागतोय?" रिक्षावाल्यांपासून लग्नात भेटणाऱ्या मामींपर्यंत सगळ्यांनी मला हे विचारून झालंय. परवा कोल्हापुरात, राजारामपुरीत एका वडलांनी विचारलं, ते मात्र खरंच उत्तर हवं म्हणून. मुलगी बारावी झाली आहे, तिला विशेष शिक्षणाच्या, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शिकवण्याच्या पदविकेला जायचंय. मी केला तो कोर्स हाच. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

कायद्याचं आधी उरकते. १९९२च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त पात्रता आणि केंद्रीय नोंदवहीत नाव, दोन्ही असल्याशिवाय विशेष शिक्षकाचा व्यवसाय करता येत नाही. केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. (दंडाचा आकडा वाचून आम्ही वर्गात हसलो होतो.) तेव्हा फी भरण्याआधी त्या संस्थेच्या त्याच कोर्सला परिषदेची मान्यता आहे का, ते स्वतः बघा. माझ्या एका मैत्रिणीनं बघितलं नाही. वर्षही गेलं, पैसेही.

आता खरं उत्तर. कोल्हापुरात अपंगांचं काम म्हटलं की लोकांना नसीमा हुरजूक यांची हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था आठवते. तिथली चाकाची खुर्ची, रॅम्प डोळ्यांना दिसतात. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांबरोबर आम्ही दिवसभर काय करतो, ते बघणाऱ्याला दिसतच नाही. मलाही दिसलं नव्हतं. मला मुलं आवडतात, माझ्यात सहनशक्ती आहे, झालं की, एवढ्यावर मी आले होते.

माझा पहिला सराव पाठ. समोर एकोणीस वर्षांचा मुलगा, काम टी-शर्ट घालायला शिकवण्याचं. मी अर्ध्या मिनिटात त्याला टी-शर्ट घातला आणि कौतुकाच्या अपेक्षेनं बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "छान. तुला येतो हे कळलं. त्याला कधी येणार?"

त्या रात्री टी-शर्ट घालण्याच्या पायऱ्या लिहून काढायच्या होत्या. मी चार लिहिल्या. मग आरशासमोर उभी राहून सावकाश घालून बघितला, तर सतरा भरल्या. पुढची बाजू ओळखणं हीच एक पायरी, आणि कड गोळा करून धरणं ही दुसरी. शिकवायचं मात्र शेवटाकडून. सोळा पायऱ्या मी करायच्या, छातीशी गोळा झालेला टी-शर्ट खाली ओढायचं काम त्याचं. म्हणजे 'झालं!' हा क्षण त्याच्या वाट्याला येतो. मी हात पाठीमागं बांधून मनात दहापर्यंत मोजायचे. आठव्या दिवशी त्यानं ओढला. तोवर माझे हात किती वेळा पुढं गेले असतील, विचारू नका. त्या दोन वर्षांत मी सगळ्यात जास्त काय शिकले असेन, तर हात आवरायला.

आणि लिहायला. 'हट्टी आहे' असं नोंदवहीत लिहिलं की बाई लाल रेघ मारायच्या. काय दिसलं ते लिही. मग लिहायचं : कुकरची शिट्टी झाली, कान झाकले, ताट ढकललं. तीन दिवस असं लिहिल्यावर कळलं, भांडण जेवणाशी नव्हतंच. मुलाला काय काय येतं ते तपासायची एमडीपीएस (मद्रास डेव्हलपमेंटल प्रोग्रॅमिंग सिस्टीम) नावाची यादी आहे, १८ विभाग, प्रत्येकात २० कौशल्यं, एकूण ३६०. ती भरायला बसलं की काय येत नाही याच्याबरोबर काय येतं हेही लिहावं लागतं. 'काय येतं?' हा प्रश्न ऐकून काही मुलांच्या आया रडतात, कारण त्यांना आजवर कुणी विचारलेलंच नसतं.

पैशांच्या व्यवहारासाठी आम्ही चार मोठ्या मुलांना गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर नेतो. रांगेत थांबायचं, नोट द्यायची, फेसाळ दुधाचा पेला संपवून परत करायचा, सुट्टे घ्यायचे. शाळेत दोन आठवडे सराव करून घेतला होता. पहिल्याच दिवशी रांगेतल्या लोकांनी बाजूला होऊन आम्हाला पुढं घातलं. दाढी आलेल्या चोवीस वर्षांच्या मुलाला दूधवाले म्हणाले, "घे बाळा," आणि मला, "राहू देत ओ पैसे." त्यांच्या मनात मायाच होती, पण आमचे दोन आठवडे दुधात गेले.

मी म्हटलं, "मामा, पैसे घ्या. आणि सुट्टे माझ्याकडं नको, त्याच्याच हातात द्या."

ते जरा गोंधळले. मग त्यांनी हात धोतराला पुसला, आणि एकेक नाणं मोजत त्याच्या तळहातावर ठेवलं.