नुरा म्हणण्याआधी पाय बघा

सतराव्या मिनिटाला पहिली चप्पल आखाड्यात आली. पाठोपाठ पाण्याची बाटली. "नुरा हाय! सोडवा! पैसं काय झाडाला लागल्यात व्हय?" नुरा म्हणजे आधीच ठरवून केलेली कुस्ती.

मिरज तालुक्यातल्या एका यात्रेचं मैदान. दोन नंबरची जोड, इनाम एक लाख, आखाड्यात पंच मी. पैलवानांची नावं नकोत, लाल लंगोट आणि निळा लंगोट म्हणू. ओरडा सगळा लालवर होता. तो मधोमध खुंटासारखा उभा, चार पावलं पुढे जायचा आणि परत जागेवर यायचा. निळा मात्र सारखा हलता. मांडीवर थाप, हाताला हात, गर्रकन फिरून पुन्हा समोर. हलगीच्या ठेक्यावर त्याचं अंग चांगलं दिसत होतं आणि लोकांना तोच लढतोय असं वाटत होतं.

पंचाला वरचं अंग फसवतं. म्हणून खडाखडी, म्हणजे उभ्या उभ्या चाललेली झटापट, लांबली की नजर मातीकडे न्यायची. जोर लावणाऱ्याचा पाय चवड्यावर असतो. बोटं मातीत रुततात, मागे मातीची छोटी वरंबी साठते. जोर न लावणाऱ्याचा अख्खा तळवा सपाट उमटतो. लालच्या प्रत्येक पावलाला बोटांचा खड्डा होता, काही तर चांगले चार बोटं खोल, आणि मागे वरंबी. निळ्याचे बहुतेक ठसे टाचेचे, घसरत मागे गेलेले. म्हणजे लाल ढकलत न्यायचा, निळा जागा द्यायचा, कडेला आला की सुटून वळसा घालून मध्ये यायचा. लोकांना दिसली ती चपळाई खरं तर माघार होती.

पायानंतर कोपर. मानेवर खरा हात पडला की कोपर बरगडीला चिकटतं आणि समोरच्याचा कान लाल होतो. निळ्याचा तळहात मानेवर होता, कोपर बाहेर, बोटं सैल. तिसरी खूण ओठांची. ठरवून आलेले दोघं डोक्याला डोकं लावल्यावर हळूच बोलतात. जवळ गेलं की कळतं. इथं दोघांचे ओठ बंद होते, आणि लालचा श्वास भात्यासारखा ऐकू येत होता.

मग लाल पट, म्हणजे खाली घुसून पाय ओढायचा डाव, का काढत नव्हता? कारण आखाडा. कायमच्या तालमीतली तांबडी माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून महिनोन् महिने मुरवलेली, रोज खोदून मळलेली असते. ती पायाला धरते. यात्रेची माती आदल्या दिवशी ट्रॉलीतून पडलेली. दुपारी टँकरनं पाणी मारलं, पाच वाजेपर्यंत वरचा थर भुसभुशीत आणि खाली चिखल. पट काढताना सगळं वजन मागच्या पायावर येतं. तो सरकला की तुम्ही तोंडावर आणि समोरचा पाठीवर. पोराटोरांच्या कुस्त्यांत त्या दिवशी चार जण असेच गेले होते, आणि लालनं ते कडेला बसून पाहिलं होतं.

गादीवर या भांडणाला घड्याळ आहे. फ्रीस्टाइलमध्ये तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंद विश्रांती. जो टाळतोय त्याला आधी तोंडी ताकीद. तरी सुधारला नाही तर तीस सेकंदांचं घड्याळ लावतात, तेवढ्यात दोघांपैकी कोणीच गुण मिळवला नाही तर समोरच्याला एक गुण. मनात काय होतं हे कोणी विचारत नाही, हातापायांनी काय केलं एवढंच मोजतात. महाराष्ट्र केसरीच्या माती विभागातही गुण असतात. यात्रेच्या मैदानात मात्र निकाली कुस्ती, म्हणजे कोणी चितपट होईपर्यंत, घड्याळ कमिटीच्या मनगटावर आणि ताकीद प्रेक्षकांच्या तोंडात.

कमिटीतले एक आबा माइक सोडून आत आले. "पंच, हे काय चाललंय? मारुती मानेंच्या जिल्ह्यात असली कुस्ती? दोघांचं इनाम निम्मं करा." कवठेपिरानच्या मारुती मानेंनी 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण घेतलं, त्यांचं नाव काढलं की आमच्याकडे वाद मिटतो. मी म्हटलं, "आबा, हलगी थांबवा. गुणांवर लावू. पहिला कब्जा घेईल तो जिंकला."

दोघांना मध्ये घेऊन तेच सांगितलं. चार मिनिटं गेली असतील. निळ्याला आता पुढे यावंच लागलं, कारण माघार घेऊन काही मिळणार नव्हतं. त्यानं पहिला खरा जोर लावला तसा लाल एक पाऊल बाजूला सरला, निळा स्वतःच्याच जोरानं पुढे झुकला, आणि लालनं पाठीमागून कंबर धरून त्याला खाली घेतलं. कब्जा. ज्यांनी चपला फेकल्या त्यातल्याच काहींनी लालला खांद्यावर घेतलं.

ओरडा थांबला नाही, फक्त माणूस बदलला. आता निळ्यानं कुस्ती विकली म्हणे. आबा परत आले, "ह्याचं तरी कापा."

इथं दोन आरोप एकात मिसळतात. जीव तोडून लढला नाही, हा एक. ठरवून पडला, हा दुसरा. पहिला मी निळ्यावर ठेवायला तयार होतो, टाचेचे ठसे समोर होते. त्याच्या वस्तादाला विचारल्यावर कळलं, आठवड्यातलं हे त्याचं तिसरं मैदान, परवा एक नंबरची जोड आहे. अंग राखणं चैत्रातल्या पैलवानाला चुकत नाही. दुसऱ्या आरोपाला मात्र बोट ठेवायला जागा हवी. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनच्या चार महिला जोड्या, म्हणजे आठ खेळाडू, याच कारणासाठी बाद झाल्या. तिथं सर्व्हिस मुद्दाम जाळ्यात जाताना सगळ्या जगानं पाहिली होती. हरलं तर पुढची गाठ सोपी पडेल अशी गटांची रचना होती, म्हणून तो मोह झाला. शिक्षा खेळाडूंना झाली, ती रचना करणाऱ्यांना नाही. मला ते अजून पटत नाही.

आमच्याही मैदानाची रचना तशीच. त्या गावची रीत अशी, बरोबरी सुटली तर इनाम अर्धं-अर्धं. म्हणजे पंचवीस मिनिटं टाळून उभं राहिलं तरी पन्नास हजार पक्के, आणि कच्च्या मातीत पट काढला तर गुडघा आणि हंगाम दोन्ही जाण्याची भीती. निळ्यानं हाच हिशेब केला असणार. आबांना म्हटलं, "ठरल्याप्रमाणं द्या. कापायचं असेल तर पुढच्या वर्षी पत्रिकेवर छापा, बरोबरीला इनाम नाही. आणि माती आठवडाभर आधी टाका." त्यांना माझं फारसं रुचलं नाही. पैसे दिले, पण निळ्याच्या हातात ठेवताना तोंड फिरवून.

"पण तुम्ही सांगता कशावरून, पंच, की त्यानं विकली नाही?" त्यांनी जाता जाता विचारलं. ठसे दाखवावेत म्हणून मी मागे वळलो. एक नंबरच्या जोडीसाठी दोन पोरं फावडी घेऊन आत उतरली होती. अर्धा आखाडा सपाट झाला होता, आणि हलगी पुन्हा सुरू झाली होती.