शॉवरच्या आधी फोटो बघा: मेन फ्यूजचा माझा अनुभव

आपल्याकडे गीझर म्हणजे १६ अँपिअरचा सॉकेट काढला की झालं. इंग्लंडमधल्या इलेक्ट्रिक शॉवरला टाकीच नसते. नळाचं गार पाणी वाहता वाहताच तापवायचं असतं, म्हणून साडेनऊ किलोवॉटचा शॉवर जवळपास ४० अँपिअर ओढतो. त्याला बोर्डापासून स्वतंत्र १० चौरस मिलिमीटरची केबल, स्वतःचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरची आरसीडी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि छताला दोरीचा स्विच लागतो. असा शॉवर आमच्या घरी बसवायचा होता, तेव्हा इलेक्ट्रिशियनने हे सगळं चहा संपायच्या आत ठरवलं.

जीव खाल्ला तो मीटरखालच्या काळ्या डबीने. तिला कट-आउट म्हणतात, तिच्यात घराचा मेन फ्यूज. आमचा ६० अँपिअरचा निघाला. शॉवर, ओव्हन आणि इंडक्शन शेगडी एकदम चालू झाली तर तो पुरणार नाही, म्हणून आधी फ्यूज मोठा करून घ्या, असं इलेक्ट्रिशियन म्हणाला. पण डबीला सील, ते तोडायचा अधिकार त्यालाही नाही.

बिल पाठवणाऱ्या कंपनीला विचारलं, तर ते काम नेटवर्कवाल्यांचं, म्हणजे रस्त्यावरच्या केबली सांभाळणाऱ्या कंपनीचं. नेटवर्कवाल्यांनी फॉर्म धाडला: घरातल्या एकेका उपकरणाचे किलोवॉट लिहा, कट-आउट, मीटर, बोर्ड यांचे फोटो जोडा. पाठवले. फोटो अस्पष्ट आहेत म्हणून परत. जिन्याखाली उताणं पडून, टॉर्च धरून पुन्हा काढले. मग शुकशुकाट. फोन केला की तेच ते पियानोचं संगीत, आणि दर वेळी नवीन माणूस, त्याला पहिल्यापासून सगळी कथा. अखेर एक तंत्रज्ञ आला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, ‘लूप आहे.’ म्हणजे रस्त्यावरची केबल आमच्या डबीत येते आणि तिथूनच दुसरी भिंतीतून शेजारी जाते. शेजाऱ्यांना वेगळी केबल दिल्याशिवाय फ्यूज वाढवता येणार नाही. अहो, डबीच्या बुडातून दोन जाड केबली निघताना मी पाठवलेल्या फोटोत ढळढळीत दिसत होत्या! बघायचेच नव्हते तर मागवले कशाला?

मग शेजारच्या आजींची लेखी संमती. अंगणातल्या फरश्या उखडणार म्हटल्यावर त्यांनी मुलाला विचारते म्हटलं, मुलगा सुट्टीवर. त्यांचा काय दोष?

अखेर संमती मिळून शेजारी वेगळी केबल गेली, तेव्हा फ्यूज बदलायचं काम मात्र चुटकीसरशी झालं. आता १०० चा आहे.

तेव्हा शॉवर विकत घेण्याआधी डबीखाली किती केबली आहेत ते मोजा. नेटवर्क कुणाचं हे माहीत नसेल तर १०५ फिरवा, तो वीज गेल्यावर लावायचा नंबर असला तरी फोन तुमच्या भागाच्या नेटवर्ककडेच जातो. आणि हो, माळ्यावर ऊब टिकवायला पसरलेल्या काचलोकरीत केबल गाडू देऊ नका. चहूबाजूंनी झाकली गेली तर उष्णता कोंडते आणि तिची क्षमता निम्म्यावर येते. आमची लोकरीच्या वरून, लाकडाला क्लिपा मारून नेली आहे. इलेक्ट्रिशियन नोंदणीकृतच घ्या, कारण नवीन सर्किटची नोंद बिल्डिंग कंट्रोलकडे, म्हणजे बांधकामाचे नियम पाळले का ते बघणाऱ्या विभागाकडे, करावीच लागते. तिचा दाखला नीट ठेवा, घर विकताना वकील पहिल्यांदा तोच मागतो.