यादीतले चार पक्षी
शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून फेब्रुवारीच्या मध्यावर होणाऱ्या पक्षिगणनेला आठवीच्या मुलांना पणजीच्या आल्तिनो टेकडीवरील जॉगर्स पार्कमध्ये नेण्याचे काम माझ्याकडे असते. चार दिवसांच्या या जागतिक गणनेत भारतातील निरीक्षक २०१३पासून भाग घेत आहेत. किमान पंधरा मिनिटे निरीक्षण करून पाहिलेल्या पक्ष्यांची नोंद ई-बर्ड या संकेतस्थळावर करायची असते. नुसता आवाज ऐकलेला पक्षीही चालतो, मात्र ओळख खात्रीची हवी. माझ्या कानांवर माझा फार विश्वास होता, हे आधीच कबूल करतो.

कुंपणालगतचा पांगारा पाने गाळून लाल फुलांनी भरला होता. तिथून शिक्रा या शिकारी पक्ष्याचा तीक्ष्ण, दोन सुरांचा आवाज आला आणि मी तो लगेच लिहायला सांगितला. पाठोपाठ कोतवालाची खरखर, बुलबुलाची शीळ, मग शिंपी पक्ष्याचे टिव-टिव. दहा मिनिटांत, वर मान न करता, चार जाती! मुलांसमोर थोडा मिरवलोही.

सत्तरी तालुक्यातून आलेली एक मुलगी मात्र लिहायचे सोडून हिरवळीकडे पाहत होती. तिथे पाच-सहा साळुंक्या निवांत किडे टिपत होत्या. ती म्हणाली, "सर, शिक्रा असता तर ह्या इथे राहिल्या असत्या का?" मी काहीतरी सारवासारव करणार, तोच ती फांदीकडे बोट दाखवत कोकणीत म्हणाली, "तें एकूच सवणें (पक्षी), सर. सगळे आवाज तेंच काडटा."

दुर्बीण एकच, तीही माझ्या गळ्यात. फुलांच्या घोसात डोके खुपसून मध पिणारा हिरवागार पक्षी सापडायला वेळ लागला, कारण पर्णहीन झाडावरही त्याच्यामागे शेजारच्या आंब्याची पालवी होती. त्याने डोके बाहेर काढले तेव्हा केशरी-सोनेरी कपाळ, काळा गळा आणि हनुवटीजवळची निळसर झाक स्पष्ट दिसली. तो हरेवा होता. चोच उघडली तसा गळा फुगला आणि त्यातून, माझ्या डोळ्यांदेखत, शिक्रा ओरडला. नक्कल करण्यात हा पक्षी पटाईत आहे हे मी वर्गात शिकवलेले आहे. तरी फसायचे ते फसलोच.

चारही नावांवर काट मारून त्या जागी 'हरेवा, १' लिहिले. नोंदवहीत खाडाखोड नको, असा एरवी माझाच आग्रह असतो.

निघण्याच्या बेतात असताना साळुंक्या एकाएकी कर्कश ओरडत उडाल्या आणि राखाडी पाठीचा एक पक्षी झाडांमधून सपकन खाली उतरून दिसेनासा झाला. मुलांनी माझ्याकडे न पाहता तिच्याकडे पाहिले. तिने मान डोलावली, तेव्हाच यादीत शिक्रा पुन्हा आला.